अक्कांची बोरमाळ आणि आमची क्रूझ

मी निवृत्त आरोग्यसेविका. एरवी या रेडिओवर येते ती लसीकरणाचं नाहीतर रक्तक्षयाचं बोलायला. आज विषय वेगळा आहे. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवर गेलो, म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजावर सहलीला गेलो, त्याची ही गोष्ट. आणि त्या सहलीला किती पैसे लागले, त्याचीही. सहलीचे फोटो सगळे दाखवतात, खर्च कोणी सांगत नाही. मी आज दोन्ही सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

माझं माहेर कोकणातलं, विजयदुर्गजवळचं. सासर इथलं, घाटावरचं. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. आई लग्नानंतर त्यांच्याकडे जायची ती बोटीनं. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली, त्याआधी किनाऱ्यावरच्या माणसांना मुंबई गाठायची तर एसटी नाहीतर बोट. बोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव लाटांवर वरखाली होत बोटीला लागायचा, आणि मग ट्रंक, पोरं, आंब्याची करंडी सांभाळत वर चढायचं. डेकवर चटई टाकायची आणि रात्र काढायची. आई सांगायची, "अर्धी बोट ओकत असायची आणि अर्धी बोट देवाचं नाव घेत असायची." सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरलं की पाय जमिनीवरसुद्धा डुलायचे.

आईच्या लहानपणी ‘रामदास’ बोट बुडाली. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला जाताना. सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐन पावसाळा, आषाढी अमावास्या. आमच्या माहेरी त्या दिवसाचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प व्हायची. तरी आई बोटीनं जात राहिली, कारण जाणं भाग होतं. मजा म्हणून बोटीत बसावं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही.

माझ्या डोक्यात मात्र आलं. निवृत्त झाले, हातात थोडे पैसे होते. २०२२ च्या दिवाळीनंतर फोनवर जाहिरात आली. मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्री, जेवणखाण आणि राहणं धरून माणशी १९,९०० रुपये. खाली मोठ्या अक्षरात, ‘सगळं समाविष्ट’. आमच्या ह्यांना समुद्राची भीती. ते म्हणाले, "तू जा, मी घर बघतो." पण खोली दोघांची. एकटीनं जायचं तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. मग मी अक्कांकडे गेले.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भावजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अक्कांच्या दोन म्हशी, डेअरीला दूध, त्यावर त्यांचं चालतं. शाळा चौथीपर्यंत, पण दुधाच्या फॅटचा आणि पैशाचा हिशोब तोंडी. भावजींच्या दुखण्यात अक्कांनी गळ्यातली बोरमाळ मोडली होती. लग्नातली, त्यांच्या आईनं घातलेली. तेव्हापासून नुसतं डोरलं. आमची बारा बायकांची भिशी आहे, महिना दोन हजारांची. त्या महिन्यात अक्कांचा नंबर लागला होता. २४,००० रुपये. अक्का त्यातून बोरमाळ करणार होत्या. लहान, चार ग्रॅमची का होईना. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला पंचावन्न हजारांच्या आसपास होतं. सोनाराशी बोलणंही झालं होतं.

मी त्यांना म्हणाले, "अक्का, बोरमाळ पुढच्या वर्षी होईल. गुडघे पुढच्या वर्षी असे राहायचे नाहीत. तिकीट एकोणीस हजार नऊशे. तुमचे चार हजार शंभर वरखर्चाला उरतील."

अक्कांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी पैसे रुमालात बांधून घेऊन आल्या. म्हणाल्या, "समुद्र मी गणपतीपुळ्याला काठावरनं बघितलाय. आतनं कसा दिसतो ते बघू." पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "हिशोब तू ठेव."

आता चूक सांगते. बुकिंग करताना एजंटाचा मेसेज आला. भाड्याशिवाय बंदराचं शुल्क, जहाजावरच्या नोकरमाणसांचा सेवा आकार आणि कर, माणशी ६,३५० रुपये. म्हणजे तिकीटच झालं २६,२५० चं. मी फोन करून विचारलं, "तुम्ही तर सगळं समाविष्ट म्हणाला होता." तो म्हणाला, "मॅडम, ते जहाजावरचं. टॅक्स तर सगळीकडे असतोच." तारीख पक्की करायची तर संध्याकाळपर्यंत पैसे भरा, म्हणाला. अक्कांना सांगितलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी सांगितलं नाही. वरचे २,२५० मी घातले आणि अक्कांना म्हणाले, "झालं बुकिंग." त्यांचे चार हजार शंभर शिल्लक आहेत, असंच त्या धरून चालल्या.

पुढे एका खोट्याला दुसरं लागलंच. चाकांची बॅग, बंद बूट, स्वेटर, औषधं, माणशी २,४०० रुपये. "अक्का, तुमच्या उरलेल्यातून घेतले." मुंबईला जायची-यायची गाडी आणि टॅक्सी, माणशी १,८००. "अक्का, तुमच्या उरलेल्यातून." इथेच बेरीज ४,२०० झाली होती, म्हणजे अक्कांच्या हिशोबानंही शंभर रुपये वर गेले होते. अक्का काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही.

जानेवारी २०२३. मुंबईत बॅलार्ड पिअरला पोचलो. परदेशात जायचं नव्हतं, त्यामुळे पासपोर्ट लागला नाही, आधार कार्डावर काम झालं. विमानतळासारखी तपासणी. अक्कांनी वीस भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, घरचं खाणं आत नेता येत नाही." अक्का म्हणाल्या, "मग टाकू व्हय?" आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. जमेल तेवढं खाल्लं, बाकीचं तिथल्या हमालांना दिलं. ते पोटभर जेवले. त्यातला एक सांगोल्याकडचा निघाला, ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं का गावच्या आठवणीनं, ते विचारलं नाही.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना गोळा करून सुरक्षेचा सराव करून घेतला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की जिथं सांगितलंय तिथं जमायचं, लाइफ जॅकेट असं घालायचं. काही जण हसत होते, फोटो काढत होते. अक्का मात्र पुढं जाऊन नीट बघत होत्या. मैत्रिणींनो, हा सराव म्हणजे करमणूक नव्हे. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, त्यानंतर जहाजांवरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, त्यात ३२ माणसं गेली. त्या जहाजावर नव्यानं चढलेल्या प्रवाशांचा सराव व्हायचा राहिला होता. त्यानंतर नियम आणखी कडक झाला, सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर झालाच पाहिजे. मला तिथं रामदासची आठवण आली. मी अक्कांच्या जॅकेटचा पट्टा दोनदा आवळून बघितला.

संध्याकाळी जहाज सुटलं. धक्का लांब जायला लागला, कुलाबा मागं पडला, प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ दिसला, आणि मग पाणीच पाणी. मुंबई एवढी मोठी, पण तासाभरात ती दिव्यांची एक रेघ झाली. अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "जमीन एवढीशीच असती व्हय गं."

आमची खोली आतली, बिनखिडकीची. सगळ्यांत स्वस्त तीच. खिडकीची महाग, गॅलरीची त्याहून महाग. आम्हाला काही अडलं नाही. झोपायला किती वेळ होतो खोलीत? जेवण भरपूर, शाकाहारी वेगळं. अक्कांनी पहिल्या जेवणात पाच प्रकारच्या मिठाया ताटात घेतल्या आणि वरणभात सोडून काही खाल्लं नाही. जहाज थोडं डुलत होतं. अशा वेळी जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर कमी हलतं. पोट अगदी रिकामं ठेवू नये आणि भरमसाट खाऊही नये. मळमळलं तर मोकळ्या हवेत येऊन लांब क्षितिजाकडे बघावं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना आधी विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग आली. अक्काही जाग्याच. डेकवर गेलो. वारा गार. डावीकडे खूप लांब किनाऱ्यावर एखाददुसरा दिवा होता. मी म्हणाले, "अक्का, इथंच कुठंतरी विजयदुर्ग असेल." कुठला दिवा माझ्या माहेरचा, ते मला सांगता आलं नाही. आई याच पाण्यावरून गेली होती, चटईवर, मला पोटात घेऊन. मी तिथं पैसे देऊन, गादीवरून उठून, मजा म्हणून उभी होते. अक्का म्हणाल्या, "तुझ्या आईला दिसत असशील तर हात कर." मी खरंच हात केला.

गोव्याला मुरगाव बंदरात जहाज लागलं. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. जहाजाच्याच बसनं फिरायला गेलो. दोघींचे २,४०० रुपये. जुन्या गोव्याचं चर्च बघितलं, मंगेशीचं देऊळ बघितलं. बाहेर जेवलो, काजू घेतले, माणशी १,२४५. तिथं अक्कांनी पहिल्यांदा विचारलं, "माझे उरले किती?" मी म्हणाले, "आहेत अजून." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काजूचं एक पुडकं परत ठेवून दिलं.

जहाजावर रोख चालत नव्हती. सगळं खोलीच्या कार्डावर. कार्ड दाखवायचं, सही करायची. पैसे खिशातून जाताना दिसत नाहीत, म्हणून ते जातायत असं वाटतच नाही. नातवाला समुद्र दाखवायचा म्हणून इंटरनेट घेतलं, ते १,९००. बुफेबाहेरची कॉफी आणि ताजा रस, १,१४०. फोटोवाल्यानं येता-जाता काढलेले दोन फोटो, १,४००. आणि बसचे २,४००. शेवटच्या रात्री दाराखालून कागद सरकला. दोघींचं बिल, ६,८४० रुपये.

तो कागद उचलला अक्कांनी. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आकडे येतात. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासनं सांग."

मी सांगितलं सगळं. तिकिटाचंसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी मुंबईत उतरेपर्यंत आणि तिथून घरी येईपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

घरी आल्यावर चार दिवसांनी वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "लिही." लिहिलं. तिकीट सगळं धरून २६,२५०. प्रवास १,८००. बॅग, बूट, स्वेटर २,४००. जहाजावरच्या बिलाचा निम्मा वाटा ३,४२०. गोव्यातले १,२४५. बेरीज ३५,११५. जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळजवळ पावणेदोनपट. त्यातून अक्कांचे २४,००० वजा केले, बाकी ११,११५.

मी म्हणाले, "अक्का, ते माझ्याकडून. मीच तुम्हाला नेलं."

त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "मी माझ्या पैशानं गेले, असं मला डेअरीवर सांगायचं हाय. तू ते सुदीक काढून घेऊ नगंस. महाग हाय म्हनून सांगितलं असतंस, तर मी आले नसते, न्हाईतर पुढच्या साली आले असते. ते माझं मी ठरवलं असतं."

त्यांनी महिना एक हजार दिले. दर पाच तारखेला. फेब्रुवारी ते नोव्हेंबर दहा हप्ते, आणि डिसेंबरात शेवटचे १,११५. एका महिन्यात एक म्हैस आटली होती. त्या महिन्यातही दिले. मी घेतले, कारण न घेणं म्हणजे दुसऱ्यांदा अपमान केल्यासारखं झालं असतं.

आणि बोरमाळ? ती राहिली. भिशीचा नंबर पुन्हा लागेपर्यंत सोनं वर गेलं. २०२५ साली तर दहा ग्रॅम एक लाखाच्या वर गेलं. ज्या पैशांत तेव्हा चार ग्रॅम येत होतं, त्यात आता निम्मंही येत नाही. म्हणून मला कोणी विचारलं, क्रूझला किती खर्च आला, तर मी ३५,११५ सांगते, आणि अक्कांच्या बाबतीत एक बोरमाळही सांगते.

आता तुम्ही विचाराल, जाऊ नये का? तसं मी म्हणत नाही. जायचं असेल तर जरूर जा, पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या, आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

पहिली गोष्ट, बंदर शुल्क, सेवा आकार आणि सगळे कर धरून माणशी शेवटचा आकडा किती? जाहिरातीतला आकडा डोक्यातून काढून टाका, हाच आकडा धरा. दुसरी, तो आकडा खोलीत दोघं राहतील असं धरून आहे का, आणि एकटीला किती पडेल? तिसरी, जेवणाबरोबर काय फुकट आणि कशाला पैसे? पाणी, चहा, कॉफी, रस, एकेक विचारा. चौथी, किनाऱ्यावर उतरून फिरायचे पैसे वेगळे आहेत का? पाचवी, रद्द केलं तर किती परत मिळतील आणि कुठल्या तारखेपर्यंत? सहावी, जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी असू शकते, ती विचारा, आणि प्रवासाचा विमा काढा. परदेशी क्रूझ असेल तर पॅकेजवर टीसीएस म्हणून कर घेतात. त्याची नोंद ठेवा, आयकराचं विवरणपत्र भरताना तो हिशोबात धरता येतो.

जहाजावर चढल्यावर फोन विमान मोडवर टाका. समुद्रात फोननं जहाजाचं नेटवर्क पकडलं तर त्याचे दर फार असतात. आणि कार्डावर सही केली की ती रक्कम त्याच वेळी वहीत लिहा. रोज रात्री बेरीज करा. घरी दुधाचा, किराण्याचा हिशोब आपण ठेवतोच, सुट्टीत वही का बंद करायची?

आणि ज्यांना फक्त समुद्र आतून बघायचाय, त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० सालापासून रो-रो बोट सुटते. जाऊन-येऊन एका दिवसात होतं आणि भिशी मोडावी लागत नाही. जाताना भाकरी बांधून न्या.

पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ज्या माणसाला बरोबर नेताय, त्याच्यापासून खर्च लपवू नका. चांगल्या मनानं सुद्धा लपवू नका. मी चांगल्या मनानंच लपवला होता.

अक्का आणि मी आता पूर्वीसारख्या बोलतो. जहाजावरचे ते दोन फोटो त्यांनी भिंतीवर लावलेत, आणि डेअरीवर सगळ्यांना सांगतात, समुद्रातनं जमीन कशी दिसते ते. भिशी पुन्हा सुरू आहे. या खेपेला नंबर लागला की सोनाराकडे त्यांच्याबरोबर मी जाणार आहे, आणि भाव मी त्यांना आधीच सांगणार आहे, जो असेल तो.

अक्का, आता तुम्ही गोठ्यात रेडिओ लावून ऐकत असाल. हे सगळं सांगायची परवानगी तुम्ही दिलीत, त्याबद्दल तुमची मी आभारी आहे.